आबांनी लख्ख केलेला तुकडा

यंदाच्या आधीच्या खेपेला मी कडेगावहून निघाले, तेव्हा गाडी सुटेपर्यंत आबा शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकच गोष्ट सांगत होते. "पोरीचं जर्मनीतलं काम म्या ह्या हातानं लख्ख करून दिलंय. लय मळलं हुतं." ऐकणारे माना डोलवत होते. आई माझ्या हातात चटणीची बरणी कोंबत होती. त्या लख्ख तुकड्याची डबी पर्समध्ये घेऊन मी हसत होते, चांगली दात काढून! दीड वर्षाच्या मेहनतीतला तेवढा एकच तुकडा उरला होता, त्याच्यावर माझी पुढची नोकरी ठरणार होती, आणि माझ्या बापानं तो घासून टाकला होता. सांगणार कुणाला, कपाळ?

आमच्या भागात घराघरातलं कुणी ना कुणी गलाईच्या धंद्यात बाहेर असतं. जुनं सोनं-चांदी घ्यायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करून द्यायचं. आबा सव्वीस वर्षं तमिळनाडूत, सेलमला होते. मी आणि आई कडेगावात. दिवाळीला आणि मे महिन्यात ते यायचे, बोटं तेजाबानं पिवळी पडलेली, बोलता बोलता 'बरं बरं'च्या जागी तिकडचं 'सरी सरी' तोंडात. आल्यावर दोन दिवस घरातली एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटायची नाही. समई, तांब्ये, कपाटाची कडी, माझी कंपासपेटीसुद्धा! "काळं दिसलं की समजायचं, खाली माल हाय," असं म्हणत रिठ्याच्या पाण्यात बुडवून घासत बसायचे. मायेचा एक शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी निघाला नाही. कंपासपेटी मात्र आरशासारखी व्हायची.

तेव्हा बाप जायचा आणि मी राहायचे. आता मी जाते आणि ते राहतात. मला वाटायचं, जाणाऱ्याचं बरं असतं. राहून बघितलं, जाऊन बघितलं, आता कशालाच बरं म्हणवत नाही.

माझं काम त्यांच्या बरोबर उलटं. मी चकचकीत घेते आणि काळं करते. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर लोखंडाचा थर द्यायचा, इतका पातळ की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. चकती भट्टीच्या नळीत सरकवायची. तापल्यावर तो थर फुटतो आणि त्याचे बारीक कण होतात, तव्यावर पाणी शिंपडल्यावर थेंब होतात तसे. मग ॲसिटिलीन सोडायचा, आपल्या वेल्डिंगवाल्याकडं असतो तोच गॅस. नशीब चांगलं असेल तर एकेका कणावर कार्बनची एकेक नळी उभी वाढते, कोट्यवधी, खेटून खेटून. डोळ्यांना दिसतं ते फक्त काळंभोर मखमलीसारखं काहीतरी. बोट लागलं तरी निघून येतं.

हे सगळं मी आबांना कधी सांगितलंच नाही. फोनवर विचारायचे, "काय करतीस गं तिथं?" मी म्हणायचे, "धातूचा थर देते आबा, भट्टीत घालते." ते खूश व्हायचे. "म्हंजे आपलंच काम की!" पुढचं सांगायचा मला कंटाळा. काय कळणार आहे त्यांना, असं मनात यायचं. लाज वाटते लिहायला, पण यायचं.

त्या खेपेला मी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आले होते. काळ्या झालेल्या चकतीचे बाकीचे तुकडे तपासण्यांत संपलेले. माझ्या तिथल्या प्रोफेसरबाई म्हणाल्या होत्या, भारतात जातेच आहेस तर हा शेवटचा पुण्यात एका ओळखीच्या प्रयोगशाळेत दाखवून आण, दुसऱ्या कुणाचा अहवाल जोडला की तुझं कंत्राट वाढवायला सोपं. पुण्याची वेळ सोमवारची होती. मी डबी कपाटात ठेवली. शनिवारी आईबरोबर विट्याला ब्लाउज शिवायला टाकून दुपारी परत आले, तर आबा पडवीत बसलेले. पुढ्यात स्टीलचं ताट, पितळी तारांचा ब्रश, तळहातावर माझा तुकडा. आरसा!

"कुटं ठिवलं हुतंस गं हे? पार काळवंडलं हुतं. घे, पयल्यासारखं केलंय."

ताटातलं रिठ्याचं पाणी काळं झालं होतं. दीड वर्ष होतं ते माझं. आबांनी उठून ते कढीपत्त्याच्या बुडात ओतलं.

"भारी झालंय, आबा," मी म्हणाले. मग न्हाणीघरात जाऊन पाण्याचा नळ सोडून रडले आणि बाहेर येऊन जेवले. सांगायला हवं होतं का? छातीच्या दुखण्यानं त्यांनी सेलमचं दुकान मोडून तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाचं तरी काम केलं होतं. तोंड कसं उघडायचं माणसानं?

जर्मनीत परतल्यावर प्रोफेसरबाई ओरडल्या नाहीत. पुन्हा कर म्हणाल्या. पुन्हा केलं. तीच भट्टी, तोच थर, तेवढाच गॅस, आणि वाढेचना. कधी करडा डाग, कधी तेवढाही नाही. हवेतल्या दमटपणाचा फरक असेल म्हणाल्या, भट्टीची नळी जुनी झाली असेल म्हणाल्या. असेल, असेल! कारण कुणालाच माहीत नाही. शेवटी मी मंगळवार धरले. पीएच.डी. झालेली बाई जर्मनीत भट्टीसाठी मंगळवार धरते, हसा खुशाल. लोखंडाला उपासाचं काय!

त्या दिवसांत एकदा आबांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी नुकती चकती बाहेर काढत होते. त्यांना ती दिसली. "व्वा! काय चकचकीत निघालंय गं! झालं काम?"

मी इतकी वैतागले होते की तोंडातून निघून गेलं, "कुठलं काम, आबा! काळं व्हायला पाहिजे होतं ते!"

पलीकडनं सावकाश आवाज आला, "मग त्यो... मी घासल्याला?"

"तो वेगळा होता, आबा. त्याचं काही नाही."

"सरी सरी," म्हणाले आणि फोन आईकडं दिला. सव्वीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाचं खोटं बोलणं दागिना हातात घ्यायच्या आधी ओळखलंय. माझं ओळखायला कितीसा वेळ लागणार!

त्यानंतर त्यांनी कामाचं विचारणं सोडलं. जेवलीस का, थंडी हाय का, एवढंच. कंत्राट संपलं तेव्हाही मी फक्त "काम बदललं" म्हणाले. आता त्याच शहरात दुसऱ्या ठिकाणी लोकांचे नमुने मायक्रोस्कोपखाली बघून देते. पगार मिळतो. माझं स्वतःचं काही वाढत नाही.

आई फोनवर हळूच विचारायची, "काय बोललीस गं त्यांना? समई बी घासंनात." मी चटणी संपत आली म्हणून सांगायचे.

यंदा मे महिन्यात घरी गेले. चष्मा प्रवासात धुरकटला होता, तो टेबलावर काढून तोंड धुवायला गेले. परत येऊन बघते तर आबा टेबलापाशी उभे, दोन्ही हात पाठीमागं बांधलेले.

"शितले, चष्मा मळलाय. पुसू का, का तसाच पायजे?"

"पुसा की आबा! विचारताय काय?"

"न्हाई, इचारल्यालं बरं."

तिकडं लोक मला विचारतात, घरची आठवण येते का. येते हो. पण कुठल्या घराची ते मी सांगत नाही. ज्या घरात माझ्या बापाला माझ्या वस्तूला हात लावायची भीती वाटते, ते आता माझं घर. ही भीती मी घातली, खरं न सांगून घातली. आता खरं सांगितलं तर ती दुप्पट होईल, आणि नाही सांगितलं तर आहे तशी राहील.

आबांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला, उजेडात धरून दोनदा बघितला, आणि माझ्या हातात द्यायच्या आधी विचारलं, "बिघडलं तर न्हाई न्हवं?"