रडत रडत सुपरवायझर

पिंपळगाव बसवंतच्या ज्या पॅकहाउसमध्ये मी इतकी वर्षं द्राक्षांचे घड निवडले, तिथंच मला या हंगामात सुपरवायझर केलं आणि माझी झोप उडाली. कामाची भीती नव्हती, भीती होती डोळ्यांची. मला राग आला की ओरडता येत नाही, रडू येतं. उशिरा येणाऱ्या शोभाकाकूंना जाब विचारायला गेले, तर "काकू, हे बरं..." एवढंच बोलले आणि हुंदका फुटला. काकूंनी प्रेमानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा आल्या. मॅनेजरसाहेब म्हणाले, "जमत नसेल तर तसं सांगा, दुसरं कुणी बघू."

सुट्टीच्या दिवशी मी सप्तशृंगी गड गाठला. आई, माझे डोळे कोरडे कर, एवढंच मागायचं होतं. देवीपुढे लोक केवढी दुःखं घेऊन येतात, त्यात माझं हे रडगाणं ती ऐकेल का, अशी शंकाही होती.

दर्शनाच्या रांगेत एक धिप्पाड गृहस्थ सगळं कुटुंब घेऊन माझ्यापुढे घुसले. मी म्हणाले, "अहो, रांग मागून आहे," आणि डोळ्यांना धार लागली. ते बिचारे घाबरले. "काय झालं ताई? घरचं कुणी गेलं का?"

मागून एका अनोळखी बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबू नको, बाई. रडू येतंय तर येऊ दे, तू तुझं बोलणं पुरं कर. लेकीच्या पाठवणीला मी लय रडले, पण रडता रडताच आचाऱ्याला दटावलं, भात करपतोय म्हणून!"

मी नाक ओढत म्हणाले, "कुणी गेलेलं नाही. तुम्ही मागे जा." आणि ते गेले! मुलाबाळांसकट, मान खाली घालून.

गाभाऱ्यासमोर उभी राहिले. काही ऐकायला कलावी तशी देवीची मान किंचित कललेली. मागायचं होतं ते आठवलंच नाही, नुसते हात जोडले. बाहेर आल्यावर त्या बाईंना पुष्कळ शोधलं. गर्दीत त्या काही दिसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात पॅकहाउसच्या दारात कंटेनर उभा होता आणि आत दोन टेबलांवरच्या बायका भांडत होत्या. कमी वजनाच्या पेट्या कुणी भरल्या, यावरून काम बंद. माल बाहेर तापत होता, साहेब दारातून माझ्याकडे बघत होते. माझे डोळे भरले. या वेळी मी ते पुसले नाहीत. रडत रडतच म्हणाले, "चूक कुणाची ते चहाच्या वेळी बघू. शोभाकाकू, तुम्ही वजनकाट्यावर. बाकीच्यांनी पेट्या परत उघडा. आत्ता!" शेवटच्या शब्दाला एवढा मोठा हुंदका आला की सगळ्या दचकल्या आणि कामाला लागल्या. अंधार पडायच्या आत कंटेनर निघाला. साहेबांनी जाता जाता मला फक्त रुमाल दिला.

आता माझा आवाज नुसता कातर झाला तरी काकू ओरडतात, "चला गं, ताईंचे डोळे भरले!"

मी मागितलं ते देवीनं दिलं नाही, हे किती बरं झालं. जशी आहे तशीच तिनं मला पदरात घेतलं, आणि माझी स्वतःशी चाललेली झटापट संपली. अजूनही गडावर जाते. मागणं काही नसतं. तिच्यापुढे मनसोक्त रडते. तिथं मला कुणाला कामाला लावायचं नसतं.