डोळे मिटून नदीकडे

आमच्या तापीकाठच्या गावात आवई उठली होती, की गजराबाई झोपेत चालते. पहाटे नदीवरचं धुकं शेतात सरकत असताना दूधवाल्या भाग्येशला ती दिसली. डोक्यावर रिकामा पाट, डोळे मिटलेले, जुन्या कारखान्याच्या मोकळ्या जागेत आपली चाललीय. दुपारपर्यंत गावाने तिला पैंजण चढवले. संध्याकाळी तिचे पाय जमिनीला टेकेनासेही झाले.

खरं तर म्हातारी टक्क जागी होती.

तिच्या दारातून नदीवर जाणारी ती कानबाईच्या विसर्जनाची जुनी वाट. लग्न होऊन आली त्या श्रावणात सासूने देवीचा पाट तिच्या डोक्यावर दिला आणि ती याच वाटेने पाण्यात उतरली. मग सूत रंगवायचा कारखाना आला, वाटेवर भिंत बसली. नदी कधी जांभळी, कधी लाल. बगळेसुद्धा रंगून निघतील असं वाटे. गावाची कानबाई ट्रॅक्टरमधून दूरच्या घाटावर जाऊ लागली. कारखाना बंद पडला, तरी भिंत राहिली आणि मातीतला रंगही.

अलीकडे भिंतीला फाटक पाडलं, ती माती खरवडून ताडपत्रीखाली डंपरने नेली. वर चिकणमातीचा थर, नवी माती, गवत, बाकडी, पाण्यात उतरणारा घाट. या सफाईच्या कामावरच्या चेतनाताईंनी सांगितलं, "चाला, बसा, नदीत उतरा. फक्त इथल्या बोअरचं पाणी पिऊ नका, भाजी लावू नका." बायकांनी नेमकं शेवटचंच लक्षात ठेवलं.

गजराबाईला मात्र यंदा कानबाई आपल्याच काठी उतरवायची होती, आणि तीही बायांसोबत. एकटीची कसली कानबाई?

"रंगना चिखलमा मी पाय ठेवाव नही," सून रोहिणीने बजावलं. सगळी गल्ली रोहिणीच्या बाजूने.

म्हणून ही पहाटेची तालीम. "डोया उघडात ते कारखानाच दिखस," गजराबाई मला, शेजारच्या पोराला, म्हणाली. "मिटात ते भोकरनं झाड, मन्ही सासू, पानी. पायस्ले वाट माहीत शे."

"आजी, एक बी बाई आत येवाव नही. पैज!"

"हारना ते घाटवर मन्हासंगे फुगडी खेयशी?"

"खेयसू!"

कानबाईचा सोमवार आला. गजराबाईच्या डोक्यावरच्या पाटावर नथ घातलेला, डोळे रेखलेला नारळ, हीच कानबाई. मिरवणूक वाजतगाजत फाटकाशी पोचली आणि तिथेच थिजली. गजराबाई थांबली नाही. डोळे मिटून, गाणं गुणगुणत ती ओल्या गवतावरून एकटीच निघाली. जणू ती चालतच नव्हती, नदीच तिच्याकडे येत होती. आणि समोर नेमकं नवं बाकडं.

"ओ माय, डोया उघडा! बाकडावर पडशात!" रोहिणी किंचाळली, चपला भिरकावून आत धावली. सासूचा दंड धरला, पाट सावरला. मग खाली पाहिलं: अनवाणी पाय, हिरवं गवत. तोवर धाकटी जाऊ मागे आली, तिच्यामागे शेजारीण, मग अख्खी गल्ली. कंबरभर पाण्यात कानबाई उतरली, बायांच्या सावल्या हलल्या. नदीत रंग होता तो फक्त लुगड्यांचा.

"हाई खोटं शे," मी घाटावर म्हणालो. "तुन्हा एक डोया उघडा व्हता."

"व्हता," गजराबाई म्हणाली. "आते हात दे."

सगळ्या गावादेखत मला फुगडी घालावी लागली.