गाववाले

आखातात असताना, मनखूलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक जर्मन इंजिनिअर राहायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि प्रत्येक वाक्याआधी "नो, नो". तुम्ही जर्मनीत कुठले, असं विचारलं की तो एका खेड्याचं नाव सांगायचा.

"मग शेती असेल," मी एकदा लिफ्टमध्ये म्हणाले.

"नो, नो. ट्राम आहे."

"म्हणजे शहरच की!"

"नो, नो. शहर आमच्याकडे आलं. आम्ही नाही गेलो."

मध्ययुगातलं खेडं, आता शहरातला एक भाग. तरी त्याची आई बाजाराला निघताना "शहरात जाऊन येते" म्हणायची. माझं डोकंच चालेना. नवरा म्हणाला, "खलास! ऊन लागलंय त्याला."

नवऱ्याचं ठीक होतं, त्याचं गाव चिपळूणजवळ. मला कुणी "गाव कोणतं?" विचारलं की सांगायला गावच नव्हतं. लहानपणी मे महिन्यात सगळी चाळ गावी जायची, आम्ही मात्र चाळीतच.

एक दिवस त्या जर्मनानेच मला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"मुंबई. गोरेगाव."

साइटवरच्या कोकणी कामगारांकडून तो चार शब्द शिकला होता. "गाव? व्हिलेज!"

"अहो, नावापुरतं. आता शहरच आहे ते."

"नो, नो," म्हणत त्याने हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझ्याशी हात मिळवला.

तेव्हापासून मी दिसले की तो भर लिफ्टमध्ये हाक मारायचा, "गाववाले!"

हसावं की रागवावं, मला कधीच कळलं नाही. पण ओ मात्र मी पहिल्या दिवसापासून दिली.