विरजणाची ओळ

बुरुलकानचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, स्वतःच्या चष्म्यावर आणि कंपनीच्या शिक्क्यावर. शिक्का ती लग्नकार्यालाही पर्समध्ये घालून नेई. सूसामीर खोऱ्यातल्या त्या कुमिस कारखान्यात, घोडीचं दूध आंबवण्याच्या धंद्यात, सव्वीस वर्षं हिशेब लिहिताना तिने मालक सापारबेकलाही कधी सोडलं नव्हतं. माणूस हसून बोलला की हिचा संशय बळावलाच.

आणि कुबात तर फारच हसत होता. कारखाना विकत घेणाऱ्या अल्माटीच्या कंपनीचा हा मूल्यमापक. जमीन, पिंपं, गाड्या धरून मालमत्ता तीन कोटी सोमची. ते देत होते आठ. वरचे पाच कोटी कशाचे, ते त्याने कागदावर फोडून दाखवलं. नावाचे दोन, गिऱ्हाइकांचा एक, ‘गुप्त विरजण’ दीड कोटी, उरलेले पन्नास लाख गुडविल.

बुरुलकानने बोट विरजणावर ठेवलं. “हे गुडविलमध्येच का नाही टाकत?”

“गुडविल म्हणजे उरलासुरला गठ्ठा, एजे,” ताई म्हणावं तसं तो म्हणाला. “त्यावर हक्क सांगता येत नाही. वेगळी ओळ असली की आपली वस्तू कोणी वापरली तर कोर्टात जाता येतं. फक्त हे विरजण कंपनीबाहेर कोणाकडे नाही, एवढ्यावर तुमची सही हवी.”

बुरुलकानने पेन उचललंच नाही. वसंतात घोड्या व्याल्या की सूसामीरभर विरजणाच्या वाट्या फिरत. मागायला आलेल्याला नाही म्हणायची रीतच नव्हती. कारखान्याचं विरजण तरी कुठलं? पहिल्याच वर्षी सापारबेकचं मेलं, तेव्हा तिच्याच सासूने दिलेली वाटी ती. उद्या कोर्टाची नोटीस पहिली तेच विरजण वापरणाऱ्या तिच्या नणंदेच्या दारात येणार होती.

“कर ना सही! दीड कोटी कापतील गं ते,” सापारबेक कळवळला.

“कापू देत. इथे मागेल त्या सगळ्यांना विरजण मिळतं. बायके,” नेहमीप्रमाणे त्याला थोरला भाऊ म्हणत ती उसळली, “माझ्या सासूची वाटी विकताय तुम्ही, तीही मलाच साक्षीला उभं करून!”



कुबात अजून हसतच होता. “एजे, सगळ्यांनाच मिळतं म्हणता? मग मलाही द्या वाटीभर. आईचं यंदा मेलंय.”

आई? की अल्माटीची प्रयोगशाळा? बुरुलकानने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. नाही म्हणणं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि तिथेच ती चपापली. आपण आज एका माणसाला नाही म्हटलं, की हे विरजण खरंच गुप्त झालं. याची ओळ आपणच खरी करून दिली. आयुष्यभर जपलेल्या संशयाचा तिला पहिल्यांदाच राग आला.

ती उठली, आतल्या कातडी पिशवीतून काठोकाठ वाटी भरून आणली आणि त्याच्या कागदांवर ठेवली. पांढरा ओघळ थेट आकड्यांवर गेला.

“घे. आता खोड ती ओळ.”

कुबातचं हसू मावळलं. त्याने पेन काढून ओळ खोडली, दीड कोटी गुडविलमध्ये मिळवले आणि रुमालाने वाटी बांधली.

“वरचे साहेब मान्य करतील का, सांगता येत नाही,” तो हळूच म्हणाला. “पण आईचं खरंच मेलंय, एजे.”

“असेल,” बुरुलकान म्हणाली. तिचा अजूनही विश्वास बसला नव्हता. “नसलं तरी ने. वाटी मात्र रिकामी परत आणू नकोस.”