सुनंदाचा ॲप्रन

काल वारज्याच्या घरी लेकीचा कॉलेजचा ॲप्रन धुवायला घेतला आणि ॲसिडचा उग्र वास आला.

मी शिकत होते तेव्हा आमच्या सरकारी कॉलेजची गावातली शाखा म्हणजे दोन वर्गखोल्या होत्या. प्रयोगशाळा तालुक्याच्या मुख्य इमारतीत होती. तिकडे बदलून जायला एकच जागा निघाली आणि ती माझ्या मैत्रिणीला, सुनंदाला मिळाली. संध्याकाळी ती एसटीतून उतरली की तिच्या ॲप्रनला हाच वास यायचा आणि माझा जीव नुसता जळायचा.

एकदा स्टँडवरच तिनं तो माझ्या हातात दिला. म्हणाली, "उद्या माझ्याऐवजी तू जा. सर नवे आहेत, त्यांना चेहरे कुठे ठाऊक?"

बाहीला बारीक भोकं पडली होती. मला तो तिथंच अंगात घालावासा वाटला. तरी मी म्हणाले, "मला कुणाचं उष्टं नको."

घडी घालून तिनं तो पिशवीत ठेवला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

इतकी वर्षं मी त्याला स्वाभिमान म्हणत आले. आज मात्र कळतं, प्रयोगशाळा मला मिळावी यापेक्षा ती सुनंदाला मिळू नये, हेच मला जास्त हवं होतं.