तिन्ही चेंडू वर

“तिन्ही वर, म्याडम!” आप्पांचं हे रोजचं वाक्य. ऑपरेशनआधी घरी करायच्या व्यायामाचा व्हिडिओ ते मला फोनवर धाडायचे. त्यात प्लास्टिकचं यंत्र दिसायचं, नळीतून श्वास ओढला की वर चढणारे तीन चेंडू, आणि मागून हा आवाज.

मी बेळगावच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. आप्पा संकेश्वरकडचे, साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. अन्ननलिकेचा कॅन्सर, ऑपरेशन दुर्बिणीतून व्हायचं होतं. “भोकं बारकी, मग भ्या कसलं?” म्हणायचे. भोकं बारकी असली तरी आतलं काम मोठं, दम कमी पडला तर ऑपरेशन पुढं ढकलून आधी तो वाढवावा लागेल, हे मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. ते नुसती मान डोलवायचे.

सगळ्या वॉर्डाला आपलंसं करणारा असा पेशंट तुम्हीही पाहिला असेल. तपासणीला आले की माझ्यासाठी गूळ आणायचे, सिस्टरांची कन्नडात थट्टा करायचे. सर्जनांनी माझं मत विचारलं तेव्हा मी त्या व्हिडिओंच्या भरवशावर छातीठोकपणे म्हटलं, हा माणूस सगळ्यांच्या आधी घरी जाईल.

ऑपरेशन छान झालं. नंतर यंत्र हातात दिलं, तर एकही चेंडू हलेना. दुखत असेल म्हणून मी धीर देत राहिले. शेवटी सुनेनं मला बाहेर गाठलं.

“घरी ह्येच ओढायचे, म्याडम. मामांना धाप लागायची. त्यांचं सगळंच आमी करतोय, त्येबी केलं.”

ह्ये म्हणजे तिचा नवरा, आप्पांचा मुलगा. नळी तोंडात धरून कुणी बोलतं का? पण त्या लाघवी आवाजावर शंका कोण घेणार! मला फसवलं होतं, अख्ख्या घरानं मिळून, आणि वर गूळ खाऊ घातला होता.

मी तडक आत गेले. असं का केलंत, विचारलं.

“खरं दावलं असतं तर तुमी ऑपरेशन पुढं ढकललं असतं,” मास्कआडून ते म्हणाले.

ढकललंच असतं. जीव वाचवायलाच ढकललं असतं, आप्पा.

छातीत कफ साठत गेला, न्यूमोनिया झाला, आणि ते गेले.

माझा राग अजून उतरलेला नाही. त्याहून जास्त सलते ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. माझा हात धरून त्यांनी विचारलं होतं, “जमंल न्हवं मला?”

“तुमच्याएवढा दम वॉर्डात कुणाचा नाही,” मी म्हटलं.

तो दम पोराचा होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते शांत झोपले.