बाबा डोंगरगडला जाऊन आले

गाडीत लोक आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मग चौकशी करायचे. नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले, चेहरा काळा ठिक्कर आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचे दोन गोरे गोल. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी तर पिशवीतून भाजल्यावर लावायचं मलम काढून दिलं. "काकू, हे बर्फानं झालंय," मी म्हटलं, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर जून महिना होता आणि रूळ तापून चमकत होते.

पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. वरपर्यंत पोचलीस का? नाही. शेवटच्या कॅम्पवर वारा सुटला, तीन-चार दिवस आम्ही तंबूतच अडकलो आणि मग लीडरनं खाली उतरायचा हुकूम दिला. हे ऐकून लोकांचा चेहरा पडायचा आणि ते माझी समजूत काढायचे, की पुढच्या वेळी नक्की होईल. मला समजुतीची गरज नव्हती. त्या तंबूत कूस बदलायची तर बाकी दोघींना सांगून बदलावी लागे, प्यायच्या पाण्यासाठी बर्फ वितळवावा तर स्टोव्ह पेटत नसे, सॅटेलाइट फोन पहिल्याच रात्री बंद पडलेला. तिथे मी देवाचा विचार केला नाही, मरणाचाही फारसा नाही. शिखर इतकं जवळ होतं की मला नुसता संताप येत होता.

दिल्लीला निरोप घेताना लीडर म्हणाले, "पुढच्या वर्षी हीच टीम, हाच डोंगर. महिनाअखेरपर्यंत सांग." मी म्हटलं, आत्ताच लिहा माझं नाव. ते हसले. "घरी तर विचार आधी." मला गंमत वाटली. आमच्या घरात डोंगराची परवानगी मी काय मागणार? डोंगराचं वेड मला ज्यांनी लावलं तेच घरी बसले होते.

बाबा पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले. मी कॉलेजात असताना गिर्यारोहणाच्या पहिल्या शिबिराचा फॉर्म त्यांनीच आणला होता. वर्ध्याचे नातेवाईक म्हणाले, पोरगी काळवंडते, हातपाय मोडून घेईल, लग्न कसं होईल, तर बाबा म्हणाले, "तुमची पोरं पुलगावच्या पुढं नाही गेली, तुमाले काय समजते!" त्यानंतर तो विषय आमच्याकडे पुन्हा कोणी काढला नाही. मला प्लांटमध्ये नोकरी लागली तेव्हा पगार किती हे विचारायच्या आधी त्यांनी रजा किती मिळते ते विचारलं होतं. वसाहतीतल्या सेक्टरच्या बाजारात भाजी आणायला गेले की त्यांना तासभर लागायचा, कारण वाटेत भेटेल त्याला ते माझी उंची सांगत. म्हणजे मी चढलेली.

दुर्ग स्टेशनवर दर वेळी तेच येत, स्कूटर घेऊन. या वेळी आई एकटीच उभी होती. "बाबा?" मी विचारलं. "घरी आहेत. चल, ऑटो थांबून आहे," असं म्हणून ती चालायला लागली.

बाबा व्हरांड्यात बसले होते, दोन्ही पाय स्टुलावर, दोन्ही तळव्यांना पट्ट्या. शुगर असल्यानं त्यांची जखम लवकर भरत नाही. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, नवीन चपला लागल्या. माझ्या पायांची बोटं थंडीनं काळी पडली होती, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मान वळवली. एरवी मी दारात पाऊल टाकायच्या आत ते नकाशा पसरून बसायचे, कॅम्प कुठे, दोर कुठे लावला, वारा कुठून आला. या वेळी म्हणाले, "गाडीत जेवली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझी बोटं पुसायला बसली. आम्हा दोघांचे पाय तिच्याच वाट्याला आले होते. "एका घरात दोन लंगडे," ती म्हणाली आणि मग आवाज खाली आणून, "तुह्या बाबाले विचार ना, कोणत्या चपला लागल्या ते. पायात चपलाच नव्हत्या. डोंगरगडले गेल्ते. अनवाणी. भर दुपारी."

मला हसायलाच आलं. डोंगरगडला, बमलाई देवीला, आम्ही दर नवरात्रात जायचो. आई आणि मी पायऱ्या चढून वर जायचो आणि बाबा खाली चहाच्या टपरीवर बसायचे. "तुमच्या चपला सांभाळाले एक नास्तिक लागतेच ना," म्हणायचे. आईच्या उपासांची तर त्यांनी जन्मभर थट्टा केली. देवीच्या हापिसात हजेरी लागते काय, लेट झालं तर पगार कापते काय.

आई मात्र हसली नाही. "तुमचा काही पत्ताच नव्हता. फोन लागून नाही राहिला, कोणी काही सांगून नाही राहिलं. एक दिवस सकाळी चहा न घेताच निघाले. मले वाटलं, दुर्गले गेले असतील, कलेक्टर हापिसात, काही खबर मिळते का पाहाले. संध्याकाळी आले तं कपाळावर हे एवढं कुंकू आन चालता येऊन नाही राहिलं. आन दुसऱ्या दिवशी तुहा फोन." तिनं तिथल्या तिथे हात जोडले.

"नवस काय बोलले?" मी विचारलं.

आईचा हात थांबला. "पोरगी जिती आली तं पुन्हा तिले बर्फाच्या डोंगरावर पाठवणार नाही म्हणे."

तिनं हे सांगितलं तेव्हा कूलर जोरात चालू होता, तरी मी नीट ऐकलं. पुन्हा विचारण्याची सोय नव्हती.

त्यानंतरचे दिवस मला अजूनही नकोसे वाटतात. बोटांमुळे ड्यूटीवर जाता येत नव्हतं. बाहेर ऊन असं की अंगणातल्या नळाचं पाणी चटका देई. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात मी आणि बाबा समोरासमोर, पाय वर करून, आणि दोघांनाही उठून जाता येत नाही. ते पेपर वाचायचे, वाचून झालेलं पान पुन्हा वाचायचे. मी मोबाइलवर त्या डोंगराचे फोटो बघत बसायची. तंबूत निदान वारा पडण्याची आशा होती.

आई देवाच्या व्यवहारात मुरलेली. तिनं वाट काढली. एका सकाळी चहा देता देता म्हणाली, "देवीले सांगून सोडवून घेता येते. ओटी भरू, नऊ पोरी जेवू घालू, चांदीचं छत्र वाहू. माय आहे ते, समजून घेते." माझ्या जिवात जीव आला. काळ्या बोटांनी मी डोंगरगडच्या सगळ्या पायऱ्या चढले असते.

बाबा म्हणाले, "नाही."

"कावून नाही?" आई चिडली. "तुमचा तं विश्वासही नाही देवावर!"

"म्हणूनच नाही," बाबा म्हणाले. "तुझी देवी आहे, तू तिले म्हणशील सोड म्हणून. मी कोणाले म्हणू? मी वर गेलो तेव्हाही मले माहीत होतं, तिथं कोणी नाही. ऐकणारं कोणी असतं तं त्यानं सोडलं असतं. हा शब्द मीच देल्ला आन मीच ऐकला."

बाप भाविक असता तर पुजाऱ्याला गाठून प्रकरण मिटवलं असतं. नास्तिकाचा नवस कुठे जाऊन फेडायचा, हे आईलाही माहीत नव्हतं. तिनं हात टेकले आणि कप उचलून आत गेली.

महिना संपत आला तेव्हा लीडरचा फोन आला. संध्याकाळ होती, आईनं अंगणात पाणी मारलं होतं. "काय ठरलं? नावं पाठवायची आहेत." मी थोड्या वेळानं करते म्हणून ठेवला.

"हो म्हणून दे," बाबा पेपरामागून म्हणाले. "मी तुले अडवून नाही राहिलो. तू काही कबूल केलं नाही, मी केलं. तू जा. खोटा मी पडीन."

"आणि वर मला काही झालं तर?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. मला काही झालं नसतं, याची मला जवळजवळ खात्री होती. पण मी तिकडे असेपर्यंत हा माणूस या खुर्चीत बसून काय करत राहील, ते मला समोर दिसत होतं. आणि मग माझा तोल गेला.

"चहा सोडायचा होता ना!" मी ओरडले. "लोक चहा सोडतात, भात सोडतात, गोड सोडतात. तुम्हाला दुसरं काही सुचलंच नाही? माझेच डोंगर द्यायचे होते? ते काय तुमचे होते?"

माझा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत गेला असणार. आई आतून दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"चहाच कबूल करणार होतो पयले," बाबा म्हणाले. "ओठावर आलंच होतं. मंग वाटलं, पोरीचा जीव मागून राहिलो आन चहा देऊन राहिलो? आपल्याजवळ जे सगळ्यात मोठं असते ते द्या लागते ना. मी तिथं उभा राहून लय इचार केला. नोकरी संपली. क्वार्टर कंपनीचं. माह्याजवळ दुसरं होतं काय? तू वर जाते, तेवढंच होतं."

मी फोन उचलला आणि लीडरना म्हटलं, माझं नाव धरू नका. यंदा की कायमचं, त्यांनी विचारलं. कायमचं, मी म्हणाले. बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही सुटका नव्हती. त्यांना थोडा जरी आनंद झाला असता, तर मला त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.